‘गुण आला’ म्हणजे औषध खरे ठरले का?

वस्तीत कुणाचा खोकला लांबला की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. “ते चूर्ण घ्या, दहा जणांना गुण आला,” असे खात्रीने सांगतात. सांगणारा खोटेच बोलतो असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो : चूर्ण न घेणाऱ्या दहा जणांचे काय झाले?

क्षयाचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन याच प्रश्नाने तपासले गेले. ब्रिटनमधल्या त्या चाचणीचा निकाल १९४८ साली छापून आला. ५५ रोग्यांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी नुसती विश्रांती घेतलेल्यांपैकीही १७ जणांच्या एक्स-रेमध्ये सुधारणा दिसली! त्यांना कुणी चूर्ण दिले असते, तर सगळे श्रेय चूर्णाला गेले असते. औषधाच्या गटात मात्र ३८ जण सुधारले. मृत्यू तिकडे १४, इकडे ४. दोन गट शेजारी ठेवले म्हणून औषधाचा खरा गुण कळला.

औषध कुणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले. एक्स-रे पाहणाऱ्यांनाही रोगी कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते.

आपल्यासारख्या घरांचा प्रश्नही अशाच चाचणीने सुटला. मद्रासमध्ये १९५६ पासून गरीब क्षयरोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये, काहींना घरीच ठेवून वर्षभर तीच औषधे दिली. घरी दाटीवाटी, अन्नही बेताचे. तरी १९५९ साली जाहीर झालेल्या निकालात दोन्हीकडे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. डॉक्टरांनी सौम्य आजाराचे रोगी निवडून घरी ठेवले असते, तर या निकालाला काय किंमत उरली असती? इथेही निवड चिठ्ठीसारखीच झाली, म्हणून गरिबाच्या खोलीतही क्षय बरा होतो हे जगाला मानावे लागले.

म्हणून कुणी औषध विकायला आला तर घरातल्या बायामाणसांनी तीन प्रश्न विचारावेत. न घेणाऱ्यांचे काय झाले? कुणाला द्यायचे हे कुणी ठरवले? मध्येच सोडून गेलेल्यांना मोजले का? उत्तर मिळाले नाही, तर पैसे पदरातच ठेवावेत.

आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत.