ब्रेक आणि चालकाची साक्ष

अपघातानंतर ‘ब्रेक लागला नाही’ असे चालकाने सांगावे आणि ऐकणाऱ्याने ती आरोपीची पळवाट समजावी, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात ‘बेस्ट’ची एक विद्युत बस माणसांना व वाहनांना चिरडत गेली आणि सातहून अधिक जण प्राणास मुकले, तेव्हाही प्रथम हीच चर्चा झाली. प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत ब्रेक शाबूत आढळले. लहान बस चालविण्याची सवय असलेल्या माणसाला अल्प प्रशिक्षणानंतर बारा मीटर लांबीची स्वयंचलित बस सोपविली होती, हेही पुढे आले. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. प्रश्न त्यापलीकडचा आहे. अपघाताच्या आधी एखाद्या चालकाला ब्रेकविषयी शंका आली, तर ती नोंदवून घेणारे कोण आहे?

त्याच वर्षी १ सप्टेंबरला, गणेशोत्सवाच्या तोंडावर, लालबागमध्ये एका मद्यधुंद प्रवाशाने बसचालकाशी वाद घालून सुकाणूचक्राला हात घातला. बस पादचाऱ्यांवर गेली आणि एका तरुणीचा बळी गेला. तेथे काय घडले हे बसमधील उतारूंनी पाहिले होते. ब्रेकच्या बाबतीत असा साक्षीदार नसतो. पायाखालचा पेडल नेहमीसारखा दाबला गेला की नाही, हे त्या क्षणी एका चालकालाच कळते.

जुन्या गाड्यांत निदान दोषाचा माग तरी राहत असे. गिरगाव-परळच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा ब्रेक सैल झाला, तर झिजलेले अस्तर किंवा गळणारे तेल मेकॅनिकला दिसे. ती टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून निघून गेली. आजच्या मोटारीत चाके जाम होऊ न देणारी आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा संवेदके व संगणकीय आज्ञावलीवर चालते. तिच्यातील चूक क्षणभर प्रकटते आणि नाहीशी होते. नंतरच्या तपासणीत गाडी निर्दोष दिसू शकते. टोयोटाच्या प्रियस मोटारीबाबत नेमके हेच घडले. खडबडीत वा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो, अशा तक्रारी जपान व अमेरिकेतील चालकांनी केल्या. हा चालकांना होणारा भास असावा, असा कंपनीचा आरंभीचा सूर होता. परंतु फेब्रुवारी २०१० मध्ये चार लाखांहून अधिक गाड्या परत बोलावून तिला आज्ञावली बदलावी लागली. तक्रारी कोठेतरी एकत्र मोजल्या जात होत्या, म्हणूनच त्या भासाचे पुराव्यात रूपांतर झाले.

आपल्याकडेही कायदा नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम ११०-अ, १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. त्यानुसार सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते आणि उत्पादकाला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र या तरतुदीचा मुख्य आधार आहे तो वाहनमालकांच्या तक्रारींचे प्रमाण. मुंबईत मालक आणि चालक बहुधा एक नसतात. दादर स्थानकाबाहेरचा टॅक्सीवाला अनेकदा दुसऱ्याची गाडी पाळीने चालवितो. कंपनीच्या मोटारीचा चालक पगारी नोकर असतो. ज्याच्या पायाला दोष कळतो त्याचे मत मोजले जात नाही, आणि ज्याचे मत मोजले जाते तो मागच्या आसनावर बसलेला असतो किंवा गाडीतही नसतो.

‘बेस्ट’मध्ये ही दरी अधिक रुंद झाली आहे. एके काळी चालक, आगार आणि दादरची यंत्रशाळा ही एकाच संस्थेची अंगे होती. आज ताफ्यातील बहुसंख्य गाड्या कंत्राटदारांच्या आहेत, त्यांचे चालकही कंत्राटदारांचे. मोबदला मिळतो तो धावलेल्या किलोमीटरवर. संशयापोटी गाडी आगारात उभी राहिली तर तोटा मालकाचा. ती उभी करणाऱ्या चालकाच्या नोकरीला संरक्षण तुटपुंजे. अशा व्यवस्थेत मौन हाच प्रत्येकाच्या दृष्टीने स्वस्त मार्ग ठरतो. त्या मौनाची किंमत भरतो तो रस्ता ओलांडणारा माणूस, ज्याची या करारावर सही नसते.

चालक खोट्या तक्रारी करतील, ही शंका अगदीच निराधार नाही. पण एकाच गाडीविषयी तीन वेगवेगळे चालक तेच सांगू लागले, तर योगायोग म्हणून ते सोडून देता येत नाही. आणि गाडी निर्दोष ठरली, तरी ती तक्रार वाया जात नाही. विद्युत बसमध्ये वेगपेडलवरून पाय काढताच मोटारच गाडीला आवर घालू लागते. जुन्या बसवर हात बसलेल्याला हा अनुभव अनोळखी असतो. निर्दोष गाड्यांविषयी अनेक चालक तक्रार करीत असतील, तर दुरुस्तीची गरज प्रशिक्षणाला आहे, एवढे तरी त्यातून उमगते.

उपाय खर्चिक नाही. मालकांखेरीज चाचणी संस्था व अन्य सूत्रांकडून आलेली माहितीही कलम ११०-अ ने ग्राह्य मानली आहे. या ‘अन्य सूत्रां’त चालकांचा स्पष्ट अंतर्भाव व्हावा. प्रत्येक आगारात चालकाच्या तक्रारीची नोंद व्हावी, तिची प्रत कंत्राटदाराबरोबरच ‘बेस्ट’ आणि परिवहन कार्यालयाकडे जावी, आणि तपासणीसाठी थांबलेल्या गाडीपोटी चालकाच्या वेतनात कपात करण्यास करारानेच मनाई असावी. चालकाचा प्रत्येक शब्द खरा मानावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो शब्द अपघातानंतर पोलीस चौकीत प्रथम लिहिला जाण्याऐवजी अपघातापूर्वी आगारात लिहिला जावा, एवढी अपेक्षा या शहराच्या पादचाऱ्याने बाळगली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.