ॐ ला नासाचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे?

विज्ञान दिनाला पोरांना खोटं सांगू नका. मागणी एवढीच आहे, बाकीची पोस्ट तिचं कारण.

आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत 28 फेब्रुवारीला पाहुण्यांनी मोबाईलवर घूंऽऽ असा आवाज ऐकवला. म्हणे, "नासानं ब्रह्मांडातला ॐकार रेकॉर्ड केला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. शाळेचं, पाहुण्याचं नाव घेत नाही. हाच व्हिडिओ आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून झाला आहे, मग एकट्याला काय धरायचं?

आता खरं काय ते वाचा. ते खोट्यापेक्षा भारी आहे.

ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे 24 कोटी प्रकाशवर्षांवर, हजारो दीर्घिकांचा एक समूह आहे. त्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू पसरला आहे. त्याचं वजन समूहातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्र वजनापेक्षा जास्त भरतं. पण साध्या दुर्बिणीला तो दिसत नाही. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं. तसंच तापत तापत कोट्यवधी अंशांवर गेलं की प्रकाश क्ष-किरणांचा होतो. क्ष-किरण आपलं वातावरण खाली येऊ देत नाही, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवावी लागते.

नासाच्या 'चंद्रा' दुर्बिणीनं हे काम केलं. 1999 ला सोडलेल्या या दुर्बिणीला नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं आहे. तिच्या चित्रांत त्या वायूत तळ्यातल्यासारखे तरंग दिसले, ते 2003 साली जाहीर झालं. मधल्या कृष्णविवराच्या ढोसण्यानं उठलेल्या त्या ध्वनिलहरी. "अवकाशात आवाज नसतोच" म्हणणारेही इथं अर्धवटच. वायू आहे तिथं लहर जाते. पण एक कंप पुरा व्हायला सुमारे 1 कोटी वर्षं लागतात! कोण ऐकणार, बापा? म्हणून 2022 मध्ये नासानं चित्रातल्या तरंगांचा स्वर 57-58 सप्तकं वर चढवून आपल्या कानाजोगा केला. मायक्रोफोन कोणी नेला नव्हता. नासानं ॐ म्हटलेलं नाही.

"श्रद्धेला काहून धक्का लावता?" असं काही जण विचारतील. मी श्रद्धेला हात लावत नाही. माझी आजी जन्मभर ॐ म्हणत आली, तिला अमेरिकेची पावती लागली नाही. ॐ खरा ठरवायला नासाचा शिक्का लागतो असं ज्याला वाटतं, श्रद्धा त्याची कच्ची आहे.

आणि अभिमानच पाहिजे ना? खराखुरा घ्या. 28 सप्टेंबर 2015 ला इस्रोनं 'ॲस्ट्रोसॅट' सोडला. त्यावरची क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. पुण्याच्या आयुकातले जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एबेल 3376 या दीर्घिकासमूहाभोवती रेडिओलहरींची प्रचंड कडी शोधली, क्ष-किरणांतल्या गरम वायूशी ताडून पाहिली आणि ती 'सायन्स' मासिकात छापून आली. हे पुण्या-मुंबईचं काम किती शाळांत सांगितलं? आयुका उभी करणाऱ्या नारळीकरांनी तर मराठीत लिहून ठेवलं आहे. वाचायचं तेवढं बाकी आहे.

"कापसाला भाव नाही अन् तुम्ही कुठं आकाशात," असंही कोणी म्हणेल. भावाचा प्रश्न खराच आहे. पण बोगस बियाणं आणि चोर बीटी कोणाच्या गळ्यात मारलं जातं? जो बिल मागत नाही, लॉट नंबर पाहत नाही, "पुरावा काय?" विचारत नाही, त्याच्या. ही विचारायची सवय शाळेतच लागते. आपण तिथं स्टेजवरून खोट्याला टाळ्या वाजवायला शिकवतो. पुढं तेच पोरगं दुकानदाराच्या शब्दावर पेरणी करील आणि उगवलं नाही की नशिबाला बोल लावील.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना विनंती. पुढच्या विज्ञान दिनाला पाहुणा कोणीही आणा, पण भाषणानंतर पोरांना दहा मिनिटं प्रश्न विचारू द्या. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, हे तुम्हाला कुठून कळलं?"

ज्या पाहुण्याला याचा राग येईल, त्याला पुन्हा बोलावू नका.