शिस्त मुलांना नको, रस्त्याला लावा

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात एक बैठक झाली. विषय होता हायस्कूलसमोरचा रस्ता. त्याच्या दोन आठवडे आधी तिथे नववीतल्या एका मुलीला दुचाकीने उडवलं होतं. पायाचं हाड मोडलं, जीव वाचला, म्हणून सगळे अल्लाहचे आभार मानत होते. बैठकीला चौकीतले एक साहेब, शाळेच्या संस्थेचे दोन पदाधिकारी, एक माजी नगरसेवक आणि पन्नासेक पालक होते. दीड तास चर्चा झाली आणि एकमताने निष्कर्ष निघाला की हल्लीच्या मुलांना शिस्त नाही. शाळेत वाहतूक नियमांवर एक व्याख्यान ठेवायचं ठरलं. मग चहा झाला आणि लोक घरी गेले.

ती मुलगी माझी भाची. म्हणून हे लिहितोय. पण फक्त म्हणून नाही.

आमच्या उपनगराचं नाव इथे देत नाही. वस्ती रस्त्याच्या अलीकडे, हायस्कूल पलीकडे. प्राथमिक शाळा गल्लीतच आहे, त्यामुळे सातवीपर्यंत कुणाला काही प्रश्न पडत नाही. आठवीपासून हा रस्ता रोज दोनदा ओलांडावा लागतो. पूर्वी तिथे झेब्रा पट्टे होते. रस्त्याचं डांबरीकरण झालं तेव्हा ते गेले आणि पुन्हा मारले गेले नाहीत. दुभाजकात एका जागी माणूस जाईल एवढी फट आहे, मुलं तिथूनच जातात.

भाची त्या दिवशी धावत नव्हती. कानात इअरफोन नव्हते, हातात मोबाईल नव्हता. ती मैत्रिणीबरोबर दुभाजकापाशी उभी होती. एका रिक्षावाल्या चाचांनी रिक्षा थांबवून ‘जा बेटा’ म्हणून हात केला. ती निघाली. थांबलेल्या रिक्षाच्या बाजूने दुचाकी आली. त्या पोराला रिक्षाच्या पुढची मुलगी दिसली नाही, तिला रिक्षाच्या मागचा तो दिसला नाही. आता मला सांगा, यात तिला कुठली शिस्त शिकवायची? मोठ्यांनी थांबून वाट दिली तर तिने जायचं नाही, ही?

मी गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. एखाद्या अ‍ॅपमध्ये रोज शेकडो लोक एकाच ठिकाणी चुकत असतील तर त्या लोकांना मूर्ख म्हणायचं नाही. स्क्रीन चुकीचा बनवलाय हे कबूल करायचं आणि तो दुरुस्त करायचा. रोज शेकडो मुलं त्याच फटीतून जातात, कारण शाळेला जायचा तोच एक सरळ रस्ता आहे. त्यांनी काय करावं अशी अपेक्षा आहे? पुढच्या चौकापर्यंत चालत जायचं? तो चौक मी चालून पाहिला. जाऊन-येऊन वीस मिनिटं जास्त लागतात, आणि वाटेत पदपथ नाही.

थोडं गणित करू. अवघड नाही. आमच्या रस्त्याच्या कडेपासून दुभाजकापर्यंत साधारण १० मीटर अंतर आहे. माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, म्हणजे एक बाजू ओलांडायला आठ सेकंदांहून जास्त. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर येते. म्हणजे मुलाने पाऊल टाकलं तेव्हा जी गाडी ११० मीटरवर होती, ती तो दुभाजकाला पोहोचेपर्यंत त्याच्याजवळ आलेली असते. सकाळी शाळेच्या वेळेला एवढी मोकळी जागा आमच्या रस्त्यावर मिळत नाही. म्हणून मुलं धावतात. आणि धावली की आपण म्हणतो, शिस्त नाही.

आता गाडीच्या बाजूने बघा. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत चांगल्या चालकालाही एखादा सेकंद लागतो. ताशी ३० ने येणारी गाडी त्या सेकंदात आठेक मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर पुढच्या पाच-सहा मीटरमध्ये थांबते. एकूण १४ मीटर. ताशी ५० वाली गाडी पहिल्या सेकंदातच १४ मीटर गेलेली असते, अजून ब्रेक लागायचाच असतो. ३० ची गाडी जिथे उभी राहिली, तिथे ५० ची गाडी पूर्ण ५० च्या वेगाने मुलाला धडकते. व्याख्यान देऊन हे गणित बदलत नाही. वेग कमी केला तर बदलतं.

आणि हे एका मोहल्ल्याचं रडगाणं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला जवळपास नव्वद. ही सगळी माणसं बेशिस्त होती का?

बैठकीत एक ‘विकासाची’ सूचनाही आली, पादचारी पुलाची. टाळ्या पडल्या. पुलावर नेत्याचं नाव लागतं, फोटो लागतो, उद्घाटन होतं. पट्ट्यांचं उद्घाटन कोण करणार? पण पूल बांधायचा तर खालून ट्रक जायला साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. म्हणजे चढायला चाळीसेक पायऱ्या, उतरायला तेवढ्याच, पाठीवर दप्तर घेऊन, दिवसातून दोनदा. गुडघे दुखणाऱ्या दादीने काय करायचं? व्हीलचेअरवरच्या मुलाने? दिवस मावळल्यावर त्या बंद जाळीच्या पुलावरून क्लासहून येणाऱ्या मुलीने? असे ओस पडलेले पूल आपण सगळ्यांनी पाहिलेत. पूल पायी चालणाऱ्यासाठी नसतो. गाडीला ब्रेक दाबायला लागू नये म्हणून माणसाला उचलून बाजूला ठेवायची ती सोय आहे.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, हे बैठकीत कुणीच बोललं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन कलम १९८-अ आलं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता बांधला किंवा राखला नाही आणि त्यातून कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पायी चालणाऱ्यांच्या सोयी कशा असाव्यात याची मानकं इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्ये छापलेली आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. जगण्याचा हक्क! आणि आपण अजून मुलांच्या इअरफोनवर बोलतोय.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या वस्त्यांकडे दुर्लक्ष होतं ही तक्रार खोटी नाही. मीही ती करतो. पण गेल्या दहा वर्षांत आपण मागितलं काय? कमान मागितली, गल्लीत पेव्हर ब्लॉक मागितले, चौकाला नाव मागितलं. शाळेसमोर पट्टे हवेत म्हणून एकही अर्ज गेलेला नाही. मी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारलं, तेव्हा तिथला बाबू हसून म्हणाला, ‘तुमच्याकडून हे पहिल्यांदाच आलंय.’ मला त्याचा राग आला, पण तो खरं बोलत होता.

आणि जो थोडासा पदपथ आहे त्यावर कोण बसलंय? आपलेच भाई. दुकानाचं काउंटर पुढे, शेगडी त्याच्या पुढे, गिऱ्हाइकांच्या गाड्या त्याच्याही पुढे. जुम्म्याला मशिदीबाहेर आपण गाड्या कशा लावतो ते सांगायची गरज नाही. रस्त्यातला त्रासदायक अडथळा दूर करणं हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ऐकून बाहेर येतो आणि पदपथावर लावलेली बाईक सुरू करतो. पोटापाण्याचा प्रश्न मला कळतो. पण तुमच्या काउंटरमुळे डांबरावर उतरून चालणारी मुलगी तुमचीही असू शकते.

नेदरलँड्सचं उदाहरण देतो. आज ते सायकलींचा देश म्हणून ओळखलं जातं, पण १९७१ मध्ये त्या छोट्या देशात एका वर्षात चारशेहून जास्त मुलं रस्त्यांवर मेली होती. तिथल्या आई-बापांनी मुलांसाठी व्याख्यानं ठेवली नाहीत. त्यांनी ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ उभी केली, रस्ते अडवले, संसदेच्या दारात गेले. ‘अपघात’ हा शब्दच त्यांनी नाकारला. रस्ते बदलले, कारण ज्यांची मुलं होती ती माणसं गप्प बसली नाहीत. एवढ्या लांब जायचं नसेल तर पुण्याला जा. २०१६ मध्ये तिथल्या महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावर आज आरामात चालता येतं असे रुंद पदपथ आहेत. आपल्याच राज्यात, आपल्याच पैशाने हे होऊ शकतं. मग ते शाळेसमोर का नाही?

मागण्या मोठ्या नाहीत. शाळेच्या फाटकासमोर पदपथाच्याच उंचीचं उचललेलं क्रॉसिंग, म्हणजे गाडीला चढून जावं लागेल आणि वेग आपोआप कमी होईल. दुभाजकात मुलांच्या एका घोळक्याला सुरक्षित थांबता येईल एवढी रुंद जागा. क्रॉसिंगच्या काही मीटर आधी थांबण्याची रेषा, म्हणजे थांबलेल्या रिक्षाआड मूल लपणार नाही. शाळेच्या परिसरात ताशी ३० ची मर्यादा. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास एक ट्रॅफिक वॉर्डन. बस्स.

आणि आपल्या हातात आहे ते. माहिती अधिकारात अर्ज टाका: या रस्त्याचं सुरक्षा ऑडिट झालंय का, पट्टे शेवटचे कधी मारले, इथे किती अपघात नोंदले गेले. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मी अर्ज टाकलाय. एका अर्जाकडे कुणी बघणार नाही, दोनशे पालकांच्या दोनशे अर्जांकडे बघावं लागेल. दुकानदार भाईंशी बोला, भांडू नका. आणि पुढच्या बैठकीत कुणी शिस्तीची गोष्ट काढली, तर त्यांना सकाळी पावणेसातला त्या फटीत उभं करा.

भाचीचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. दुल्हाभाई म्हणतात, आता बास, शाळा बंद. नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच दहावी देईल. ते वाईट बाप नाहीत, घाबरलेले बाप आहेत. पण मला माहीत आहे, घरी बसलेल्या मुलींपैकी किती जणी खरंच दहावी देतात आणि किती जणींचं लग्न ठरतं. तिच्या वर्गातल्या आणखी दोघींच्या घरी आता हेच बोलणं चालू आहे. मुली शिकत नाहीत म्हणून आपण परिषदा भरवतो, शिष्यवृत्त्या वाटतो. आणि इथे दहा मीटरचा रस्ता त्यांचं शिक्षण संपवतोय.

काल तिने मला विचारलं, ‘मामू, माझं काय चुकलं?’

मी म्हटलं, ‘काही नाही बेटा.’ हे वाक्य त्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. मी तिथेच बसलो होतो आणि मीही म्हटलं नाही. म्हणून आज लिहून म्हणतोय.