शिट्टीचं कारण द्या : फुटबॉल प्रेक्षकांचा जाहीरनामा

11 जून 2024 ची रात्र आमच्यातला कोणीही विसरलेला नाही. दोह्यात भारत कतारशी खेळत होता. 37 व्या मिनिटाला मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगटेने गोल केला आणि विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचं दार पहिल्यांदाच किलकिलं झालं. मग 73 वं मिनिट आलं. चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला. गेला म्हणून आपली पोरं थांबली. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला, युसुफ आयमनने जाळ्यात ढकलला आणि रेफरींनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा पंच, नव्हता. 85 व्या मिनिटाला दुसरा गोल बसला, भारत 2-1 ने हरला आणि पात्रतेतून बाहेर पडला.

त्या रात्री आम्ही काय बोललो? "रेफ्री विकला गेला." सगळे हेच बोललो. दक्षिण कोरियाचे पंच आणि यजमान श्रीमंत कतार, एवढ्या भांडवलावर आम्ही निकाल देऊन मोकळे झालो. चेंडू बाहेर गेला होता आणि निर्णय चुकला होता, हे चित्रफितीत स्वच्छ दिसतं. पण का चुकला? पंच कुठे उभे होते, त्यांच्या नजरेआड कोण आलं होतं, सहायकाने कानात काय सांगितलं, यातलं एक अक्षरही आम्हा प्रेक्षकांपर्यंत पोचलं नाही. कारण सांगितलं जात नाही तिथे संशय घर करतो. आमची चळवळ त्या न मिळालेल्या कारणासाठी आहे.

आम्ही कूपरेजला, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, मडगावच्या फातोर्ड्याला सामने बघणारे आणि शनिवार-रविवार रात्री जागून इंग्लंड-स्पेनची लीग बघणारे मराठी बोलणारे प्रेक्षक आहोत. आमच्यात लिव्हरपूलचे आहेत, आर्सेनलचे आहेत, माद्रिदचे आहेत. कोल्हापूरच्या पाटाकडीलचे आणि दिलबहारचेही आहेत. कोणाचा संघ मोठा यावर आमचं कधी जमणार नाही. पण एका गोष्टीवर आम्ही एक आहोत. निर्णय आमच्या विरोधात गेला तरी सोसू, मुका निर्णय यापुढे सोसणार नाही.

आमच्या मागणीचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 3 मार्च 2023, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) बाद फेरीचा सामना, जादा वेळ. 96 व्या मिनिटाला बंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किक झटकन मारली आणि गोल झाला. केरळा ब्लास्टर्सची भिंत अजून लागायची होती, गोलरक्षक तयार नव्हता. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. सामना बंगळुरूला बहाल झाला. पुढे भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने ब्लास्टर्सला 4 कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रशिक्षकांवर 10 सामन्यांची बंदी घातली.

त्यानंतर देशभर एकच ओरड झाली : व्हीएआर आणा. आम्हीही ओरडलो. आज शांतपणे बघतो तेव्हा कळतं की कॅमेरा त्या भांडणात अपुरा होता. नियमानुसार फ्री किक झटपट घेता येते. मात्र पंचांनी भिंत मागे सरकवायला घेतली असेल, तर शिट्टीपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे प्रश्न पायाचा नव्हता, बोलण्याचा होता. पंच छेत्रीला काय म्हणाले? शिट्टी नको, भिंत नको, असं आपण पंचांना सांगितलं होतं, हे छेत्रीने नंतर सांगितलं. ब्लास्टर्सचं म्हणणं वेगळं. त्या काही सेकंदांचा आवाज लोकांना ऐकवला असता, तर दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांना भांडायला निदान एक समान पुरावा मिळाला असता. तो आवाज आम्हाला कधीच ऐकायला मिळाला नाही.

आवाज बाहेर आला की काय होतं, हे इंग्लंडमध्ये दिसलं. 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या लुइस दियासने गोल केला. लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हिडिओ पंचांनी तपासलं, दियास ऑफसाइड नव्हता हे त्यांना अचूक दिसलं. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे असा त्यांचा समज झाला होता, म्हणून त्यांनी तपासणी पूर्ण झाल्याचं कळवलं. मैदानातल्या पंचांनी त्याचा अर्थ घेतला, ऑफसाइड कायम. खेळ पुन्हा सुरू झाला. काही सेकंदांत खोलीतल्या तंत्रज्ञाच्या लक्षात आलं की घोटाळा झालाय. पण सुरू झालेला खेळ त्यासाठी थांबवता येत नाही म्हणून सगळे हात बांधून बसले. लिव्हरपूल 2-1 ने हरलं.

तीन दिवसांनी हे सगळं संभाषण प्रसिद्ध झालं. ते ऐकताना अंगावर काटा येतो. माणसं गोंधळलेली आहेत, घाबरलेली आहेत, चूक उमगल्यावर त्यांचा आवाज बदलतो. विकल्या गेलेल्या माणसाचा तो आवाज नाही. आमच्यातल्या लिव्हरपूलवाल्यांचा राग त्यानंतरही गेला नाही, जायचं कारणही नव्हतं. पण रागाला योग्य पत्ता मिळाला. त्या खोलीतली बोलण्याची पद्धतच सदोष होती आणि ती सुधारता येण्यासारखी होती. दुसराही एक रास्त प्रश्न पुढे आला : त्याच व्हिडिओ पंचांनी दोनच दिवस आधी संयुक्त अरब अमिरातीत जाऊन सामना का घेतला? तिथल्या राजघराण्यातल्या व्यक्तीकडे इंग्लंडमधल्या एका मोठ्या क्लबची मालकी असताना अशा दौऱ्यांना परवानगी मिळावी का? याला आम्ही सभ्य संशय म्हणतो. त्याला तारीख आहे, व्यवहार आहे, उत्तर मागता येईल असा प्रश्न आहे.

पक्षपात नसतोच असं आम्ही म्हणत नाही. इटलीत 2006 साली युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली आणि संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. पंच नेमणाऱ्यांशी क्लबच्या अधिकाऱ्यांची चाललेली फोनवरची बोलणी त्याला कारण झाली. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर या पंचाने सट्टेबाजांचे पैसे घेतले आणि तो तुरुंगात गेला. स्पेनच्या पंच समितीच्या माजी उपाध्यक्षांशी संबंधित कंपन्यांना बार्सिलोनाने 2001 ते 2018 दरम्यान 70 लाख युरोंहून अधिक दिल्याचं 2023 मध्ये उघड झालं. हे तांत्रिक अहवालांचे पैसे होते, असं सांगून क्लब गैरकृत्य नाकारतो. या प्रकरणांत बोट ठेवता येतं ते फोनच्या नोंदींवर, पैशाच्या वाटेवर आणि नेमणुकीच्या कागदांवर. गोठवलेल्या चित्रावर लाल रेघ मारून आजवर कोणीही कोणाचा पक्षपात सिद्ध केलेला नाही.

त्या रेघेबद्दलही बोललं पाहिजे. नेहमीचा प्रक्षेपण कॅमेरा सेकंदाला 50 चित्रं घेतो. जोरात धावणारा आघाडीवीर दोन चित्रांच्या मध्ये जवळपास वीतभर पुढे सरकलेला असतो. पायातून चेंडू नेमका कोणत्या चित्रात सुटला हे माणूस ठरवतो आणि आपण मात्र नखाएवढ्या ऑफसाइडवर रात्रभर भांडतो. 2022 च्या विश्वचषकात चेंडूतच सेकंदाला 500 वेळा नोंद घेणारं यंत्र बसवलं. तरी पहिल्याच सामन्यात इक्वाडोरचा गोल कतारविरुद्ध रद्द झाला आणि "मॅच फिक्स आहे" ही हाळी जगभर उठली. काही मिनिटांनी आकृती दाखवली गेली : इक्वाडोरच्या एका खेळाडूचा पाय खरोखरच पुढे होता. इक्वाडोर तो सामना 2-0 ने जिंकलं. तेवढ्या काही मिनिटांच्या शांततेत केवढं विष पसरलं! यंत्र बरोबर होतं, उशीर सांगण्यात झाला होता.

आता आमच्याबद्दल. हा भाग लिहिताना आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला आणि म्हणूनच तो जाहीरनाम्यात राहिला आहे.

2002 साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 40 प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातली 47 झटापटींची दृश्यं दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह, काहींना आवाज बंद करून. गोंगाट ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. स्पेनच्या सामन्यांवरच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की यजमान एका गोलने मागे असतील तर पंच शेवटी वाढवून देतात ती मिनिटं जास्त मिळतात, पुढे असतील तर कमी. पंचांचा जो पक्षपात अशा मोजणीत सापडला आहे, तो आमच्याच घशातून निघतो. आम्ही ओरडणं थांबवणार नाही, ओरडण्यासाठीच तर येतो. पण आपल्या मैदानावर मिळालेली पेनल्टी हा न्याय आणि दुसऱ्याच्या मैदानावर गेलेली पेनल्टी हा कट, असं यापुढे आमच्या तोंडून निघणार नाही.

आणि पंचांचं घर. एप्रिल 2025 मध्ये स्पेनच्या किंग्ज कप अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी पंच रिकार्डो दे बुर्गोस बेंगोएचेआ पत्रकारांसमोर रडले. तुझा बाप चोर आहे, असं त्यांच्या मुलाला शाळेत ऐकावं लागत होतं. रेआल माद्रिदची वाहिनी सामन्यांआधी पंचांच्या चुकांच्या चित्रफिती दाखवत असे. ते वातावरण शाळेच्या वर्गापर्यंत पोचलं. आमच्या गावांत तर हे अंतर आणखी कमी आहे. स्थानिक स्पर्धेतला पंच नोकरी सांभाळून येतो, तुटपुंज्या मानधनावर भर उन्हात धावतो आणि सामना संपल्यावर त्याच पेठेतून गाडीवरून घरी जातो. त्याचं आडनाव, त्याची जात, त्याचा धर्म, त्याची आई-बहीण आमच्या तोंडी येणार नाही. आमच्यातल्या कोणाच्या आली, तर त्याला आम्हीच स्टँडमधून खाली उतरवू, मग तो आमचा कितीही जुना सोबती असो.

व्हीएआर फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. स्वीडनच्या क्लबांमध्ये सभासदांच्या हाती बहुमत आहे, त्यांनी विचार करून तो नाकारला. नॉर्वेत पाठीराख्यांनी मैदानावर माशांचे वडे फेकून निषेध केला. त्यांचं म्हणणं आम्ही आदराने ऐकतो, कारण गोल झाल्यावर उडी मारायची की थांबायचं, ही घालमेल आम्हालाही छळते. पण दोह्याची रात्र बघितलेल्या माणसाला कॅमेरा नको म्हणवत नाही. कॅमेऱ्यासोबत कारणही हवं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

क्रिकेट बघणाऱ्या मराठी माणसाला हे नवं नाही. तिसरा पंच काय बघतोय, काय मागतोय, कशावरून ठरवतोय, हे घरबसल्या ऐकू येतं. निर्णय पटत नाही तेव्हाही तो कसा झाला हे कळतं. रग्बीत पंचाचा माइक उघडा असतो. फुटबॉलमध्येही 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी व्हिडिओ तपासणीनंतरचे निर्णय माइकवरून सगळ्या स्टेडियमला सांगितले. त्यामुळे खेळाचं काहीही बिघडलं नाही.

म्हणून भारतीय फुटबॉल महासंघाकडे आमची पहिली आणि मुख्य मागणी ही आहे की देशातल्या वरच्या लीगमध्ये पंच आणि सहायकांमधलं संभाषण ध्वनिमुद्रित व्हावं आणि गोल, पेनल्टी किंवा रेड कार्डवर वाद झाला तर तेवढा भाग दोन दिवसांत लोकांसमोर यावा. चूक झाली असेल तर ती कबूल करणारं लेखी कारण त्यासोबत असावं. आयएसएलचे पहिले 11 हंगाम व्हीएआरविना गेले. खर्च परवडत नाही हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकलं. पण फिफाचीच एक साधी पद्धत आता उपलब्ध आहे : प्रशिक्षकाला सामन्यात ठरावीक वेळा दाद मागता येते आणि पंच स्वतः मैदानाच्या कडेच्या पडद्यावर दृश्य बघून ठरवतो. वेगळी खोली नको, वेगळे व्हिडिओ पंच नकोत, कॅमेरेही थोडे पुरतात. इटलीच्या तिसऱ्या श्रेणीने 2025-26 च्या हंगामात ती स्वीकारली. आपल्याकडे ती आणायला काय अडचण आहे, हे महासंघाने आकड्यांसह सांगावं. पंचांना पोटापुरतं वेतन आणि नियमित प्रशिक्षण मिळावं, ही मागणी आम्ही त्यांच्या बाजूने उभं राहून करतो.

स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी तर पैशाचाही प्रश्न नाही. पाहुण्यांची नावं पुकारायला तुमच्याकडे माइक असतो. वादग्रस्त निर्णयानंतर तोच माइक दोन मिनिटं पंचांच्या हातात द्या. ते बोलत असताना आम्ही शांत बसू, हा आमचा शब्द आहे.

ज्यांना या चळवळीत यायचं आहे त्यांच्याकडून आम्ही वर्गणी घेणार नाही. पुढच्या सामन्यात निर्णय खटकला तर मोबाइल उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा : कितवं मिनिट, कोणता नियम, तुम्ही स्वतः काय बघितलं. मग दोन्ही संघांच्या जर्सी मनातल्या मनात बदला आणि तेच पुन्हा वाचा. तरीही तक्रार उरली, तर खाली सही करून तो कागद तुमच्या जिल्हा संघटनेच्या कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या आणि लेखी उत्तर मागा.