सातबारा नसलेल्यांची शिष्यवृत्ती

१/ २५ सप्टेंबर १९३०. उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हुतात्म्यांच्या नामावलीत पाटील, म्हात्रे, घरत यांच्या शेजारी कोळी, न्हावी आणि कातकरी ही आडनावेही आहेत. नवश्या महादेव कातकरी हे त्यांपैकी एक. त्या दिवशी कुणाच्या नावावर किती जमीन आहे, हे कुणी विचारले नव्हते.

२/ पुढे मात्र याच तालुक्यात हक्काचा प्रत्येक प्रश्न जमिनीच्या कागदाशी येऊन थांबू लागला. मुलामुलींच्या उच्च शिक्षणाला मिळणारे साहाय्यही त्यातून सुटले नाही. हे कसे घडले आणि ते का बदलले पाहिजे, याचा हा धागा.

३/ महाराष्ट्रात विद्यार्थ्याला आधार देण्याच्या तीन परंपरा दिसतात. पहिली राजाश्रयाची. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला.

४/ १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्यात आले. परदेशी पदव्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळेना. थोड्याच काळात त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाची उदारता खरी होती; पण ती शिकवू शकली, समाजात जागा देऊ शकली नाही. राजाश्रयाची मर्यादा इथे उघड होते.

५/ दुसरी परंपरा श्रमाची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि राबून शिकत. 'कमवा आणि शिका' या सूत्राने गरीब विद्यार्थ्याचा स्वाभिमान राखला. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. उरणजवळ फुंडे येथील वीर वाजेकर महाविद्यालय याच संस्थेचे.

६/ तिसरी परंपरा हक्काची, आणि तिचे शिल्पकार पुन्हा आंबेडकरच. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी अंदाजपत्रकातच तरतूद हवी, असा आग्रह त्यांनी धरला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. जे स्वतःला दरबाराच्या कृपेने मिळाले, ते पुढच्यांना खजिन्यातून मिळावे, ही त्यामागची झेप.

७/ आता उरण. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. पाठोपाठ न्हावा-शेवा बंदराचा प्रकल्प आला. ते १९८९ साली सुरू झाले. भातशेती आणि मिठागरे यांवर उभे असलेले अर्थकारण एका पिढीत बदलले.

८/ १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा परिसरात शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. नेतृत्व जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांचे. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा हे या लढ्याचे फळ. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना सिडकोकडून मिळणारे विद्यावेतनही याच जाणिवेतून आलेले: जमीन घेतली, तर पुढच्या पिढीच्या शिक्षणाची जबाबदारीही घ्या.

९/ इथे उरणने चौथी परंपरा घडवली. विद्यावेतन म्हणजे दान नव्हे, ती परतफेड आहे. हा विचार अभिमानास्पदच. परंतु त्यात एक फट राहिली. 'प्रकल्पग्रस्त' ठरतो तो ज्याच्या नावावर जमीन होती तो. मिठागरात फावडे चालवणारा मजूर, खाडीत जाळे टाकणारा कोळी, वाडीवरचा कातकरी यांचे जगणेही त्याच भरावाखाली गेले. सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव नव्हते.

१०/ ही फट काल्पनिक नाही. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरण परिसरातील १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे जमिनीखेरीज उपजीविकाही हिरावली जाते, हे न्यायपीठाने मान्य केले. शिक्षणाच्या साहाय्याला हेच तत्त्व लावायला कोणती अडचण आहे?

११/ यावर आक्षेप येतो की योजना आता पुष्कळ आहेत. ते खरेच आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास स्वयम् योजना आहे. आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. तरतूद नाही, असे कुणी म्हणू शकत नाही.

१२/ पण तरतूद आणि विद्यार्थी यांच्यामध्ये कागदांची खाडी आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटीवरचा अर्ज. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दहावी-बारावीचे निर्णायक महिने नेमके त्या काळातले. ज्या आजोबांच्या नावाचा कागदच नाही, त्यांच्या नातवाकडे जातीचा जुना पुरावा मागितला जातो.

१३/ शिवाय शुल्क म्हणजे शिक्षणाचा सगळा खर्च नव्हे. मुंबईच्या महाविद्यालयात जाणाऱ्या उरणच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का गाठला. ओहोटी लागली की तासिका बुडालीच. लोकल रेल्वे उरणपर्यंत पोहोचली ती १२ जानेवारी २०२४ रोजी. प्रवास, खानावळ, खोलीचे भाडे ही रोजची गरज असते. वर्षअखेरीस जमा होणारी रक्कम ती भागवत नाही. मधले महिने सावकार भागवतो, किंवा शिक्षण सुटते.

१४/ म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. दाखले देण्याची जबाबदारी तहसील कार्यालयाने उचलावी आणि ते दहावीतच, शाळेत जाऊन द्यावेत. निर्वाहाची रक्कम वर्षाच्या सुरुवातीपासून दरमहा मिळावी. बंदर आणि नवे शहर ज्यांच्या उपजीविकेवर उभे राहिले, त्या भूमिहीन घरांतील मुलांनाही विद्यावेतन मिळावे.

१५/ यातून जमीनधारक प्रकल्पग्रस्तांचा हक्क तसूभरही कमी होत नाही. त्यांनी रक्त सांडून मिळवलेले तत्त्वच पुढे जाते. परतफेडीचा हिशेब मांडायचा, तर तो पूर्ण मांडला पाहिजे.

१६/ चिरनेरच्या स्मृतिस्तंभापुढे दरवर्षी मानवंदना होते. तिथे ज्या कातकऱ्याचे नाव आदराने उच्चारले जाते, त्याच्या वाडीतील पहिली पदवीधर मुलगी महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचेल का, हे एका दाखल्यावर अवलंबून असता कामा नये. हुतात्म्यांच्या यादीत जो निकष लागला नाही, तो शिष्यवृत्तीच्या यादीतही लागू नये.

(धागा समाप्त)