दुधाचे दात आणि आपला चौविहार

मराठीत दाताला कीड लागते आणि गुजरातीत दात सडतो. सुरतेत राहून दोन्ही भाषा बोलणाऱ्या आम्हा खानदेशी जैन बायकांना दोन्ही शब्द रोजचे. मला विचाराल तर या एका बाबतीत गुजराती खरं बोलते. कीड म्हटली की ती बाहेरून येते, ज्वारीला लागते तशी, आणि तिच्यात घरच्यांचा काही दोष नसतो. मग गावाकडे कुणीतरी भुईरिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घ्यायला लावतो, वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक किडे पडलेले दाखवतो आणि पैसे घेऊन निघून जातो. पडलेले असतात ते बियांतलेच अंकुर. दातात किडा नव्हताच कधी. सडला म्हटलं की मात्र पुढचा प्रश्न येतो, कशानं सडला? आणि त्याचं उत्तर शोधायला स्वयंपाकघराच्या बाहेर जावं लागत नाही.

आपल्या समाजात तीन-चार वर्षांच्या मुलाला हसायला सांगा. वरचे पुढचे दात तपकिरी, झिजलेले, कधी नुसते खुंट. आणि शेजारी उभी असलेली आजी कौतुकाने म्हणते, ‘याला गोड फार आवडतं हो.’ जणू दीड वर्षाचं लेकरू स्वतः उठून डब्यातली साखर काढत होतं! 2002-03 साली देशभर मौखिक आरोग्याची पाहणी झाली, तेव्हा पाच वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांचे दात किडलेले निघाले. म्हणजे हे गरिबाघरचं किंवा अडाण्याघरचं दुखणं नाही. लिंबायतच्या चाळीत आहे तसंच वेसूच्या बाराव्या मजल्यावरही आहे.

सडतं कसं, ते एकदा नीट समजून घेऊ. तोंडात जिवाणू असतात, त्यातला मुख्य अपराधी स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स. बाळाच्या तोंडात तो बहुधा आपल्याच तोंडातून जातो. आपण चमचा चाखून पाहतो आणि तोच बाळाला भरवतो, तसा. साखर मिळाली की तो आम्ल तयार करतो आणि त्या आम्लात दाताच्या वरच्या कठीण थरातली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल उतरवते आणि खनिजं परत भरते, पण तिला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. तेवढ्यात दुसरं बिस्किट आलं की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, हे महत्त्वाचं. स्वीडनमध्ये 1940च्या दशकात विपेहोल्म नावाच्या संस्थेत हे तपासलं गेलं. मतिमंद रुग्णांना मुद्दाम गोड देऊन, म्हणजे अतिशय वाईट मार्गाने. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांचं फारसं बिघडलं नाही. मधल्या वेळेत चिकट टॉफ्या चघळणाऱ्यांचे दात गेले. त्या रुग्णांचं सोसणं वाया जाऊ नये एवढं तरी आपण शिकावं.

तेव्हा घारीला दोष देऊ नका. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ म्हणणाऱ्या या गावात चांदनी पडव्याला मुलाने जेवणासोबत घारी खाल्ली आणि वर पाणी प्यालं, तर आभाळ कोसळत नाही. आभाळ कोसळतं ते रोजच्या साध्यासुध्या गोष्टींनी. सकाळी साखर आणि चॉकलेटची पूड घातलेलं दूध. शाळेच्या रिक्षात बिस्किट. डब्यात जॅम लावलेली पोळी. घरी आल्यावर सरबत. रडलं म्हणून चॉकलेट, गप्प बसलं म्हणून चॉकलेट. सर्दी झाली की साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिवसातून चारदा (त्या साखरेच्याच असतात हो, आणि आपण त्या खडीसाखरेसारख्या तळहातावर ओतून देतो). संध्याकाळी पाठशाळेत गाथा पाठ म्हटली म्हणून आणखी एक. आणि शेवटी रात्री, झोप यावी म्हणून, गोड दुधाची बाटली.

ही बाटली सगळ्यांत घातक. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जीभ आणि लाळ मिळून वाचवतात, म्हणून सडतात ते वरचे चार. डॉक्टर नुसता ओठ उचलून सांगतात, ‘बाटली घेऊन झोपतो का?’ आणि आपण चकित होतो, यांना कसं कळलं!

आता मुद्द्यावर येते. आपण कोण? सूर्यास्तानंतर अन्नाला न शिवणारे. अशन, पान, खादिम, स्वादिम, चारही आहारांचा त्याग करून चौविहाराचं पच्चक्खाण घेणारे. नवकारशीला सूर्योदयानंतर 48 मिनिटं तोंडात थेंब न घालणारे. दाताच्या डॉक्टरने मुलासाठी दिनक्रम आखायला घेतला, तर तो याहून फार वेगळा काय आखेल? तोंडाला दहा-बारा तास विश्रांती देणारी रीत आपल्या घरात आयती आहे. आणि नेमकी तीच आपण लेकराला लागू करत नाही. ‘लहान आहे, त्याला सूट.’ सूट मलाही मान्य आहे. तान्ह्याला रात्री आईचं दूध लागतंच, ते कुणी तोडू नये. पण सूट दुधाची होती, तिच्यात साखर कुणी घातली? आणि दोन-अडीच वर्षांच्या, चांगलं जेवणाऱ्या मुलाला रात्री अकरा वाजता बाटली कोणत्या नियमाने?

दुसरं. आपण जेवल्यावर थाळी धुऊन ते पाणी पितो. सासरी आले तेव्हा सासूबाईंनी कारण सांगितलं होतं: उष्टं राहिलं तर दोन घडीत त्यात संमूर्च्छिम जीव उपजतात, त्यांच्या हिंसेचं पाप आपल्या माथी. थाळीतल्या उष्ट्याची एवढी काळजी! आणि लेकराच्या दाढेच्या खाचेत अडकलेलं बिस्किट रात्रभर तसंच. तिथे जे उपजतं ते सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं. कुणी मला म्हणालंच होतं, ‘दात घासणं म्हणजे सूक्ष्म जीवांची हिंसा नाही का?’ ताई, उष्टं न ठेवणं ही हिंसा टाळायची रीत, हे तुम्हीच शिकवलंत.

अदंतधावनाचा दाखलाही मिळतो. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत तो आहे, खराच. पण ते मुनी दिवसातून एकदा, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. तुमच्या नातवाला तेवढ्यावर ठेवणार असाल तर ब्रश खुशाल फेकून द्या.

आणि कर्म. दातदुखीने रात्रभर कळवळणाऱ्या पोरीकडे बघून ‘तिचं असातावेदनीय उदयाला आलं’ म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. आपल्याच शास्त्रात काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणं सांगितली आहेत. पाचवं कारण फक्त हिऱ्याच्या आणि कापडाच्या धंद्यापुरतं आहे का?

पेस्टचंही भांडण आहेच. ‘हर्बल’ हवी, फ्लोराइड नको, विष असतं ते. या भीतीला गुजरातेत कारण आहे, हे कबूल. मेहसाणा, पाटण, बनासकांठा इकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्याने माणसांचे दात डागाळले, हाडं वाकली. पण तो रोज पोटात लिटरभर जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न. आपल्या शहराला नळाने येतं ते तापीचं पाणी. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी पीत असाल तर ते जरूर तपासून घ्या. ब्रशवर मात्र तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, इतकंच पुरतं. जाहिरातीत दाखवतात तसा लांबच लांब नागमोडी पट्टा नाही. नळीवर 1000 पीपीएम लिहिलेलं पाहा. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फारच कमी असतं किंवा नसतंच. आणि हाडांची भुकटी असेल अशी शंका असेल तर हिरव्या ठिपक्याची घ्या, दुकानात मिळतात.

पहिला दात दिसला की घासायचं सुरू. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्याने घासून द्यायचं, कारण ज्याला स्वतःची वेणी किंवा बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याला दाढेचा मागचा कोपरा कसा साधणार? घासून झालं की थुंकायचं, पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर थोडं टिकतं. चौविहारवाल्या घरांसाठी हे तर सोन्याहून पिवळं. शेवटचं जेवण झालं की सूर्यास्ताआधी मुलाचे दात घासा आणि मग सकाळपर्यंत काही नाही. पच्चक्खाणही अबाधित, दातही.

‘दुधाचेच तर आहेत, पडणारच.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकताच माझा आवाज चढतो. पुढचे दात सहा-सातला पडतात. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. तिसऱ्या वर्षी सडलेली दाढ पुढची सात-आठ वर्षं दुखवणार आहे, कळतंय का? मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही झळ लागते. लवकर उपटली तर शेजारचे दात सरकून जागा खातात. आणि सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे जी दाढ येते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आपण तिलाही दुधाचीच समजतो. ती कायमची असते. तिच्या खाचा डॉक्टरकडून वेळीच बुजवून घेतल्या तर वाचते.

उपचार करवतीचे नाहीत, घाबरू नका. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते, तेव्हा नुसत्या फ्लोराइडच्या लेपाने आणि घरच्या शिस्तीने ती थांबू शकते. लहान खड्डा असेल तर सिमेंट. मशीनला घाबरणाऱ्या लहानग्यांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं चांदीचं औषध आहे. ते नुसतं लावतात, इंजेक्शन नाही, सडणं थांबतं, पण तो भाग कायमचा काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ‘मुलीचे दात काळे दिसतील’ म्हणून नाकारणाऱ्यांनी एवढंच पाहावं की ते आत्ताही काळेच आहेत, वर दुखतायत. खोल गेलं असेल तर नसेचा उपचार आणि वर स्टीलची कॅप. लवंगेचं तेल कळ मारतं, सडणं मारत नाही.

आणि हे सगळं कुणाच्या अंगावर येतं? रात्री दोन वाजता गाल सुजलेल्या पोराला मांडीवर घेऊन आई बसते. सकाळी क्लिनिकमध्ये बोलणी तीच खाते, घरी आल्यावर पुन्हा खाते. चॉकलेटं वाटणारे काका, मामा, आजोबा त्या दिवशी दुकानात असतात. बाटलीतली साखर बंद करायला निघालेल्या सुनेला ‘कंजूस’ म्हणणारं घर मी पाहिलेलं आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013पासून अंगणवाड्यांतून आणि सरकारी शाळांतून मुलांची तपासणी होते, त्यात दातही येतात. महापालिकेच्या मराठी शाळेतल्या मुलाचं तोंड निदान कुणीतरी उघडून बघतं. आपली मुलं मोठ्या फीच्या खाजगी शाळांत. त्यांचं कोण बघणार? संघाचं आरोग्य शिबिर दरवर्षी होतं, साखर तपासतात, ब्लड प्रेशर तपासतात, मोतीबिंदू बघतात. सगळं साठीच्या पुढच्यांसाठी. दाताच्या डॉक्टरची एक खुर्ची आणि एक टॉर्च मांडायला किती खर्च येतो, ते ट्रस्टींनी सांगावं. आपल्या समाजात दाताचे डॉक्टर काही कमी नाहीत.

प्रभावनेचंही तसंच. धर्माची गोडी लागावी म्हणून मुलाच्या हातात गोळी द्यायची ही युक्ती कुणाच्या डोक्यातून आली कोण जाणे. पेन्सिल द्या, चित्रांची वही द्या, शेंगदाणे द्या. द्यायचंच असेल तर एक लहान ब्रश द्या. पर्युषणाच्या आठ दिवसांत आठ वेगवेगळ्या घरांची प्रभावना असते. एका घराने सुरुवात केली तरी चालेल, ते घर माझं असेल, नाव लिहून घ्या.

तोवर आज रात्री एवढं करा. लेकराचं डोकं मांडीवर घ्या, मोबाइलचा दिवा लावा, वरचा ओठ अंगठ्याने उचला आणि हिरडीच्या कडेला बघा. पांढरी रेघ दिसली तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा.