"ठीक आहे" म्हणजे नक्की किती ठीक?

परवा शुक्रवारी टीममधल्या एका ज्युनियरचा शेवटचा दिवस होता. रिवाजाप्रमाणे केक आला, समोसे आले आणि सगळ्यांच्या सह्यांसाठी एक मोठ्ठं कार्ड फिरलं. मी लिहिलं, "तुझ्याइतकं नेटकं डिबगिंग मी फार कमी जणांचं पाहिलंय. रिलीजच्या रात्री तो बग तू शोधलास म्हणून आम्ही वाचलो." तिने ते वाचलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हे तू आधी कधी बोललाच नाहीस."

समोसा घशात अडकला!

दोन वर्षं तिचा कोड मीच रिव्ह्यू करत होतो. दर वेळी माझ्या दहा-बारा कॉमेंट्स. हे चुकलं, हे नाव बदल, इथे नल चेक कुठाय? आणि चांगलं काही दिसलं तर? फार तर "ठीक आहे". ती चांगलं काम करते हे अख्ख्या टीमला माहीत होतं. एक तिलाच सोडून.

आता नेहमीचे युक्तिवाद येतील. पहिला म्हणजे, "कौतुक केलं की माणूस डोक्यावर बसतो." आपण सगळे याच तत्त्वावर वाढलोय. दहावीला ९२ टक्के मिळाले की घरी पहिला प्रश्न, "बाकीचे आठ कुठे गेले?" यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. "हुशार आहेस" म्हणून ज्यांना शाबासकी मिळाली, ती मुलं पुढे अवघड कोड्यांत अडखळल्यावर खचली. पण "मेहनत घेतलीस" असं ज्यांना सांगितलं, ती चिकाटीने भिडली आणि नंतर जास्त चांगलं करून गेली. म्हणजे दोष कौतुकाचा नाही, मोघम कौतुकाचा आहे. अख्ख्या फ्लोअरला सीसी करून पाठवलेलं "ग्रेट जॉब टीम!" मलाही नकोच आहे.

दुसरा युक्तिवाद, "आम्ही बुवा स्पष्टवक्ते." अहो, मग चांगलं दिसतं तेव्हा तोंडाला कुलूप का? अर्धंच खरं बोलायचं आणि त्याला स्पष्टपणा म्हणायचं, हे काही पटत नाही. आमच्या धंद्यात या पंथाचं आराध्यदैवत म्हणजे लायनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स. ईमेलवर सहकाऱ्यांना सोलून काढण्याबद्दल प्रसिद्ध! कित्येक टीम लीड त्याचा दाखला देऊन ज्युनियर्सना झापतात. पण सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच लिनसने जाहीर माफी मागितली, आपलं वागणं चुकीचं होतं हे कबूल केलं आणि लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो म्हणून काही आठवडे सुट्टीवर गेला. हे कोणी सांगत नाही. कर्नल काही त्याच्या माफीने कोसळला नाही. अजून नियमित रिलीज होतोय.

तिसरा, "पगार मिळतो ना?" मिळतो. पण आपल्याला नेमकं काय छान जमतं, हे सॅलरी स्लिपवर छापलेलं नसतं.

खरं कारण वेगळंच आहे, माझ्यापुरतं तरी. चूक दाखवली की आपण शहाणे दिसतो. चांगलं दाखवायचं तर समोरच्याचा कोड नीट वाचावा लागतो, आणि हे मला सुचलं नसतं असं मनात का होईना, मान्य करावं लागतं. तो कंजूषपणा आपण "क्वालिटी"च्या नावावर खपवतो आणि सगळं साठलेलं एकदम फेअरवेल कार्डावर ओततो. नाहीतर शोकसभेत.

असो. सोमवारी एका नव्या पोराचा रिव्ह्यू पेंडिंग आहे. चुका आहेत, त्या सांगणारच. पण त्याने एरर हँडलिंगचं एक फंक्शन फार सुरेख लिहिलंय. तेही लिहिणार आहे. त्याने राजीनामा टाकायच्या आधी.